गाडीत मोरी आहे का?

आमच्या पुतण्याचं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, भोंगा झाला की शर्टाची बटणं जिन्यात लावत धावत सुटायचे. हा साडेदहाला उठतो, अंथरुणातूनच लॅपटॉप उघडतो आणि 'मी कामावर आहे' म्हणतो. तर या पुतण्याने एका रविवारी, मटण शिजत असताना, एक घोषणा केली. मटण शिजत असतानाची वेळ त्याने मुद्दाम साधली होती. आठवड्यात तेवढाच अर्धा तास आमच्या घरातली सगळी माणसं एका जागी असतात आणि कुणाचं कुणाशी वाकडं नसतं.

"आपण सगळ्यांनी कॅराव्हॅनने भंडारदऱ्याला जायचं," तो म्हणाला.

"कशानं?" आई म्हणाली.

"कॅराव्हॅन, आजी. गाडीतच घर असतं. झोपायचं, रांधायचं, खायचं, सगळं गाडीत."

"आन मग भंडारदऱ्याला कशाला जायचं?"

हा प्रश्न तेव्हाच नीट ऐकला असता तर पुढचे चार महिने वाचले असते. पण कुकरची शिट्टी झाली.

या खुळाचं मूळ अमेरिकेत आहे. पुतण्याचा मावसभाऊ तिकडे असतो आणि फोटो पाठवतो. फोटोत एक बसएवढी पांढरी गाडी, मागे नदी, पुढे दोन घडीच्या खुर्च्या आणि त्यातल्या एकीत बसून मावसभाऊ काहीही करत नाहीये. या गाडीला तिकडे आरव्ही म्हणतात. इचलकरंजीला जसे माग, तसं इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला या गाड्यांचं. तिकडच्या बहुतेक गाड्या त्याच टापूत बनतात. गाडी घेऊन माणसं नदीखोऱ्यातल्या स्टेट पार्कात जातात. तिथे आखून दिलेल्या जागा असतात, प्रत्येक जागेला नंबर, शेजारी पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि सांडपाणी सोडायला भोक. कॅलिफोर्नियात म्हणे ही जागा सहा महिने आधी राखून ठेवावी लागते. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, असा नियम.

दादांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दादा बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे प्रवासाविषयी घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"नंबर आहे, नळ आहे, सांडपाण्याचं गटार आहे, दहानंतर गप्प बसायचं आहे," दादा म्हणाले, "आणि शेजारी सकाळी दात घासताना दिसतो. ही चाळच झाली की रे. पागडी किती घेतात?"

पुतण्याने मग हुकमाचं पान टाकलं. २०२१ साली आपल्या राज्य सरकारनेसुद्धा कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. म्हणजे हे खूळ सरकारमान्य आहे. आमच्या घरात सरकारमान्य म्हटलं की माणसं जरा सरळ बसतात. रेशनकार्डाची सवय.

आमच्या रस्त्याचं कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग. बोलताना ते कुणी घेत नाही, टॅक्सीवाल्याला सांगितलं तर तोच उलट विचारतो, "डिलाईल रोड ना?" पण नारायण मल्हार जोशी म्हणजे १९२० साली आयटक उभी करणाऱ्यांतले, कामगार चळवळीतलं मोठं नाव, आणि त्या नावाचा गुण रस्त्याला लागलेला आहे. इथे सभेवाचून काही होत नाही. जिन्यातला बल्ब बदलायचा तरी अध्यक्ष लागतो. तेव्हा पुढच्या रविवारी सहलीची पहिली सभा आमच्या खोलीत भरली, निम्मी आत आणि निम्मी गॅलरीत.

पुतण्याने कंपनीचा कागद वाचायला घेतला. गाडीची लांबी वीस फूट, रुंदी सात फूट. दादांनी कॅलेंडरच्या मागे आकडेमोड केली. एकशे चाळीस चौरस फूट.

इथे थोडा भूगोल सांगायला हवा. आमच्या समोर बीडीडीच्या चाळी आहेत. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची. आमची चाळ खासगी, खोली दहा बाय बारा, म्हणजे १२०. त्यामुळे बीडीडीवाले आमच्या लेखी पिढ्यान्‌पिढ्या ऐसपैस राहणारे लोक. आता तर पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांची घरं, म्हणजे विचारायलाच नको. आमची फाइल मात्र कुठल्या तरी कपाटात शांत झोपलेली आहे. अशा आम्हांला कळलं की सहलीची गाडी आमच्या घरापेक्षा वीस चौरस फुटांनी मोठी आहे.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग वहिनींनी हळूच विचारलं, "विकत घ्यायला केवढ्याला पडते?"

पुतण्या पुढे वाचत राहिला. सोफा आहे तो रात्री पलंग होतो. जेवणाचं टेबल भिंतीत मिटतं. डोक्यावर कप्पे. पायाखाली कप्पे. पायरी उचलली तरी खाली कप्पा. त्याला वाटत होतं की आम्ही थक्क होऊ. आमच्या खोलीत पलंगाखाली गहू असतात, गव्हांमागे तांब्याचं घंगाळ, घंगाळात वडिलांची कागदपत्रं, आणि पोटमाळ्यावर काय आहे हे आता फक्त आईला आणि देवाला ठाऊक. शिलाई मशीनवर पाट ठेवला की ते पोरांचं अभ्यासाचं टेबल होतं. माझी दहावी त्यावर झाली आणि पाय चुकून पॅडलवर पडला की बीजगणित हलायचं. अमेरिकेने भरपूर पैसे खर्चून जो शोध लावला तो आमच्या मजल्यावरच्या सोळाच्या सोळा खोल्यांत फुकट लागला होता, एवढंच या वाचनातून निष्पन्न झालं.

अडचण पुढच्या ओळीत आली. 'झोपण्याची सोय : चार जण.'

आम्ही अकरा. आई, दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, मी, ही, आमची दोन, शिवाय मेव्हणा आणि त्याची बायको. पुतण्याचा चेहरा पडला. दादांचा खुलला. गर्दी हा त्यांचा विषय.

"संध्याकाळी साडेसहाला करी रोडच्या स्टॉपवर गाडी भरलेली यायची," ते म्हणाले, "तरी मी आणखी वीस जण घेत होतो. आत जागा असते. माणसं आत सरकत नाहीत, हा खरा प्रॉब्लेम आहे."

मग त्यांनी गाळ्याचा हिशेब मांडला. आमच्या लहानपणी मजल्याच्या टोकाची खोली म्हणजे गाववाल्यांचा गाळा होता. बायकापोरं गावी ठेवून गिरणीत आलेले वीस-पंचवीस बापये. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, जेवण खानावळीत. पहिल्या पाळीचे उठून गेले की त्यांच्या जागेवर रातपाळीचे येऊन पडायचे. तिथली वळकटी कधी गार झाली नाही. त्याच न्यायाने चार पलंग आणि आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर बारा माणसं आरामात. आपण अकरा. बारावी जागा बदली कामगाराची, तिथे ड्रायव्हर.

"पण मग सहल कधी करायची?" माझ्या मुलीने विचारलं.

"ज्याची त्याची सुट्टी ज्याने त्याने बघावी," दादा म्हणाले आणि ठराव मंजूर झाला.

दुसरी सभा संडासावर खर्ची पडली. शब्दशः नव्हे, विषयपत्रिकेवर. कागदात लिहिलं होतं की गाडीत संडास आहे, दाराच्या डाव्या हाताला, शेगडीसमोर. आईने तो कागद मागून घेतला. तिला वाचता येत नाही, पण चित्र दिसतं.

"ह्ये काय? जेवायचं हितं आन..." तिने वाक्य सोडून दिलं.

आमच्या मजल्यावर सोळा खोल्यांना चार संडास, गॅलरीच्या टोकाला. त्यातल्या एकाची कडी आतून लागत नाही, त्यामुळे आत बसून गाणं म्हणत राहावं लागतं. चाळीतले बरेच गायक असे तयार झालेले आहेत. या व्यवस्थेला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या, पण शेगडी आणि संडास यांच्यात साठ पावलांचं अंतर असतं हे आईच्या दृष्टीने घराचं लक्षण होतं. पुतण्याने समजूत घातली की वास येत नाही, सगळं खालच्या टाकीत जातं.

"आणि टाकी कुठं जाते?" हिने विचारलं.

आरव्हीच्या जगात या टाकीला ब्लॅक टँक म्हणतात. आंघोळीच्या नि भांड्यांच्या पाण्याची वेगळी, तिला ग्रे टँक. रंगावरून ओळखायचं. अमेरिकेत मालक स्वतः हातमोजे घालून, जाडजूड नळी लावून ती रिकामी करतो आणि त्याचे व्हिडिओ काढतो. पुतण्याने एक दाखवायला सुरुवात केली होती, पण मटण झालं होतं. टाकी कोणी रिकामी करायची यावर मतदान झालं आणि मेव्हण्याचं नाव एकमताने आलं. तो त्या दिवशी हजर नव्हता.

जागा मात्र पहिल्यापासून ठरलेली होती, तीवर कुणी वाद घातला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. भंडारदरा म्हणजे प्रवरेचं खोरं. एका बाजूला कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यांत उंच शिखर. दुसऱ्या टोकाला रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ. मध्ये धरणाचं पाणी पसरलेलं. पुढे रंध्याला नदी कड्यावरून उडी घेते. आजूबाजूचं रान अभयारण्यात मोडतं, म्हणजे फोटोतल्या त्या स्टेट पार्काला आपल्याकडचं सर्वांत जवळचं उत्तर हेच. विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं.

"सोळा वर्षं?" मुलगा म्हणाला. "एवढी?"

लोअर परळचा पूल त्याच्या वयाच्या पोरांनी विसरावा याचं दादांना वाईट वाटलं. जुलै २०१८ मध्ये तो बंद झाला आणि दोन्ही बाजूंनी पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. इंग्रजांनी सोळा वर्षांत अख्खी नदी अडवली. आम्हांला रेल्वेचे रूळ ओलांडायला सव्वापाच वर्षं लागली. त्या काळात मी टॅक्सीत बसून डबा खाल्लेला आहे, पेपर वाचलेला आहे, एकदा दाढीसुद्धा केलेली आहे. गाडीत राहण्याचा सराव म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?

मग तारीख. इथे सगळ्या सभांची धार गेली.

मे अखेरीला जावं तर भंडारदऱ्यात काजवे असतात. पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं उघडझाप करतात, आणि ते बघायला इतक्या गाड्या येतात की हेडलाइटांत काजवे शोधावे लागतात. शिवाय मे महिन्यात गावी आंबे उतरतात. जूनमध्ये शाळा. जुलैत कसाऱ्याच्या घाटात दरडी आणि घाटघरला असा पाऊस की गाडीतून उतरायचंच नाही. मग पुन्हा आईचा पहिला प्रश्न. आषाढाच्या शेवटी जाऊ या, असं मेव्हण्याचं आग्रहाचं म्हणणं होतं. श्रावण लागण्याच्या आदल्या रात्री माणसाला नदीकाठ का आठवतो हे घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक आहे, तेव्हा ती सूचना कागदावरही आली नाही. श्रावणात वहिनींचे सोमवार, शनिवार. गणपतीत डिलाईल रोडचा माणूस मुंबई सोडत नाही. सोडली तर कोकणात जातो, प्रवरेवर नव्हे. पितृपक्षात नवं काही सुरू करायचं नाही. नवरात्रात वहिनी अनवाणी. दिवाळीत फराळ आणि मेव्हण्याकडून मागणी की भाऊबीज त्यांच्याकडे. डिसेंबरात तिकडे थंडी, आईचे गुडघे. जानेवारी-फेब्रुवारीत लग्नं, दादांच्या जुन्या डेपोतल्या प्रत्येकाच्या मुलीचं. मार्चात परीक्षा. चैत्रात गावची जत्रा, ती चुकवली तर देव एक वेळ माफ करेल, भावकी करणार नाही. राहता राहिला अधिक महिना. तो साधारण तीन वर्षांनी येतो आणि आला की जावयाला वाण द्यावं लागतं.

एवढं झाल्यावर कुणीही हे प्रकरण मिटवलं असतं. आम्ही सामानाची यादी करायला घेतली.

गाडीत भांडी मिळतात, असं कागदात होतं. वहिनींनी ती ओळ दुर्लक्षिली. मोठं पातेलं, परात, कुकर दोन, पाटा-वरवंट्यावरून वाद होऊन शेवटी मिक्सर. मिक्सर म्हटल्यावर वीज. आमच्या खोलीत इस्त्री लावली की फ्रिज बंद करायचा असतो, त्यामुळे कुठल्या वेळी काय लावायचं याचं वेळापत्रक वहिनींनी गाडीसाठीही करून ठेवलं. शेजारच्या मालवणी काकी सहलीत नव्हत्या, पण सल्लागार समितीत होत्या. त्यांनी सुकट आणि बोंबलांची पिशवी आणून ठेवली.

"काकी, गाडी एसी आहे, बंद काचांची," पुतण्या कळवळून म्हणाला.

"मगे? बोंबलाक एसी चालना नाय?"

आईची एकच अट होती, पाणी घरचं. बाहेरचं पाणी तिला बाधतं. आमच्याकडे पहाटे चारला नळ येतो आणि साडेपाचला जातो. गेली साठ वर्षं आई त्या दीड तासाची मालकीण आहे. सहलीच्या पहाटे ती वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून देणार आणि ते गाडीत चढणार. मी तिला नकाशा काढून समजावलं. आपण नाशिक रस्त्याने जाणार, वाटेत शहापूर लागणार. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा तिथल्याच भातसा धरणाचा, आणि तानसा तलावही त्याच तालुक्यात. ते पाणी एवढा नळाचा प्रवास करून डिलाईल रोडला येतं, तू ते कॅनमध्ये भरून पुन्हा शहापूरवरून पुढे नेणार.

आईने विचार केला. "मुंबईला येऊन सुधारलं आसंल की," ती म्हणाली.

याच बैठकीत तिने पहिल्यांदा तपशिलात लक्ष घातलं. गुडघे होते तोवर ती वारी करत असे, माऊलींच्या पालखीबरोबर, आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटर. पुतण्याला हे ठाऊक होतं, पण तो ते देवधर्माच्या खात्यात धरत होता. आई सांगायला लागली. दिंडीचा ट्रक पुढे निघतो. त्यात राहुट्या, सतरंज्या, पातेली, पिठाची पोती, प्रत्येकाची नाव घातलेली पिशवी. मुक्कामाच्या शेतात आपण पोचेपर्यंत राहुट्या ठोकलेल्या, पाण्याचा टँकर उभा, चुलवण पेटलेलं. नीरेला माऊलींच्या पादुकांना आंघोळ, तेव्हा आपणही नदीत. रात्री कीर्तन, पहाटे तंबू गुंडाळायचे, ट्रक पुन्हा पुढे.

"किती माणसं असायची एका ट्रकवर?" दादांनी विचारलं. धंदेवाईक कुतूहल.

"दीडशे आसत्याल. मोजतंय कोण."

"आणि जागा आधी बुक करायला लागायची?"

"जागा इठोबाची. बुक कशापाय?" मग तिने पुतण्याकडे बघून विचारलं, "तुज्या गाडीत मोरी हाय का?"

कागदात मोरीचा उल्लेख नव्हता. शॉवर होता. बसून आंघोळ करायला, भांडी घासायला, तांब्या उपडा घालायला, रुसून बसायला जी जागा लागते तिला शॉवर म्हणत नाहीत. शेवटी ठरलं की प्रत्यक्ष गाडी बघून यायची आणि तिथेच पैसे भरायचे. दिवसाचं भाडं तोवर दादांना सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी पाणी मागितलं, घरचं.

गाडी नवी मुंबईतल्या एका आवारात उभी होती. डिलाईल रोडला बोलावून बघता आली असती, पण आमच्या गल्लीत टेम्पो आला तरी दोन स्कूटर, एक भेळवाला आणि मंडळाचा फळा हलवावा लागतो. दोघांनी जाऊन बघून यावं असा ठराव होता. रविवारी निघताना जिन्यात मोजले तर आम्ही बारा भरलो. काकी कुठल्याच यादीत नव्हत्या, त्या आईला सोबत म्हणून. टॅक्स्या तीन झाल्या. उशीर होईल म्हणून वहिनींनी डबे घेतले, आणि कॅन एकच.

आवारातला पोरगा तरतरीत होता. गळ्यात ओळखपत्र, पायांत पांढरे बूट. त्याने दार उघडलं आणि "फॅमिलीतले डिसिजन मेकर कोण?" असं विचारलं. बारा जण आत शिरले. दादा दारात उभे राहून एकेकाला आत सारत होते, "पुढे चला, पुढे जागा आहे." पोरगा बाहेरच राहिला.

आईने हाताने भिंत चाचपून पाहिली. कप्पे उघडून बघितले, एकात पाण्याचा कॅन ठेवला, एकात पिशवी. संडासाचं दार उघडून लगेच लावलं आणि त्याकडे पाठ करून बसली. शॉवरच्या जागेत खाली बसून पाहिलं. "पाट बसतो," एवढंच म्हणाली, पण आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. वहिनींनी घडीचं टेबल पाडलं आणि डबे मांडले. मुलं वरच्या पलंगावर गेली आणि तिथून पाय सोडून भांडायला लागली. मेव्हण्याला टाकीविषयी तिथेच कळलं. तो थोडा वेळ बोलत नव्हता, मग काकींनी त्याला बोंबलाची चटणी वाढली. आमच्या खोलीपेक्षा वीस चौरस फूट जास्त म्हणजे काय हे प्रत्यक्ष बसल्यावर कळतं. दोघांना एकाच वेळी कूस बदलता येते.

जेवण झालं. कुणी तरी पडदे ओढले. आई खालच्या पलंगावर आडवी झाली, पहिली पाळी तिची. दादा गाववाल्यांच्या गाळ्यातल्या कुणाची तरी गोष्ट सांगत होते, हळू आवाजात. ही सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, आणि गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला काहीही न करता बसलेली पाहिली नव्हती. फोटोतल्या मावसभावासारखी. नदी मात्र नव्हती. खिडकीतून समोरच्या टायरच्या दुकानाची पाटी दिसत होती.

दोन तासांनी दारावर टकटक झाली. तो पोरगा होता, हातात पावतीपुस्तक. "सर, मग डेट कुठली टाकू?"

दादांनी ओठांवर बोट ठेवलं. "आई झोपलीय," ते कुजबुजले. "आत ये. जेवलायस का?"

पोरगा घुटमळला. मग त्याने पांढरे बूट काढले, बाहेर आमच्या चपलांच्या रांगेत नीट लावून ठेवले आणि आत आला.